स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला जगणं कसं वाटतंय, हे ओळखायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्मृतिभ्रंशाचं निदान झालं की घरची माणसं दोन गोष्टी हमखास विचारतात: आजार कितपत वाढलाय आणि औषध काय आहे? तिसरा प्रश्न बहुतेक वेळा मनातच राहतो. हा माणूस आत्ता जसा जगतोय, ते जगणं त्याला बरं वाटतंय का? मी बरीच वर्षं या आजाराच्या माणसांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलायचं काम करते. खालचे प्रश्न त्या बोलण्यातूनच साठत गेले. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो.

‘जगण्याचा दर्जा’ म्हणजे नेमकं काय? जीवनमान आणि हे एकच का?

एक नाही. जीवनमान म्हटलं की घर, उत्पन्न, सुखसोयी डोळ्यांसमोर येतात. इथे विचारायचं आहे ते वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात केलेल्या व्याख्येचा गाभा असा: माणूस ज्या संस्कृतीत आणि ज्या मूल्यांत राहतो, त्यांच्या चौकटीत आणि स्वतःच्या अपेक्षा, ध्येयं, काळज्या लक्षात घेऊन तो आपल्या आयुष्याकडे कसा पाहतो. या व्याख्येत डॉक्टर कुठे नाही, मुलगा किंवा सून कुठे नाही. पाहणारा तो माणूस स्वतःच आहे.

म्हातारपणाचा अभ्यास करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉवेल लॉटन यांनी याचे चार भाग पाडले होते. हातून काय काय होतं, भोवतालची परिस्थिती कशी आहे, मन कसं आहे आणि एकूण जगणं त्या माणसाला कसं वाटतं. पहिले दोन बाहेरून दिसतात, उरलेल्या दोहोंसाठी त्या माणसाकडेच जावं लागतं. घरात आणि दवाखान्यातही आपण पहिल्या दोहोंवरच थांबतो. वेळेवर आंघोळ होते, जेवण होतं, गोळ्या दिल्या जातात, म्हणजे सगळं नीट चाललंय असं धरून चालतो.

आठवणींची चाचणी झालीच आहे. मग हे वेगळं कशाला पाहायचं?

त्या चाचणीत वार, तारीख, ठिकाण विचारतात, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात आणि ३० पैकी गुण देतात. ते गुण मेंदूबद्दल बरंच सांगतात, दिवस कसा जातोय याबद्दल फार थोडं. कमी गुणांचा माणूस कपड्यांच्या घड्या घालण्यात रमलेला आणि बऱ्या गुणांचा माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला, असं मी एकाच आठवड्यात पाहिलं आहे.

अभ्यासांतूनही हेच दिसत आलं आहे. जवळपास दोनशे अभ्यास एकत्र करून काढलेला एक मोठा आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात वय, स्त्री-पुरुष, शिक्षण यांचा जगण्याच्या दर्जाशी संबंध नगण्य निघाला. नात्यांतली जवळीक, चार माणसांत मिसळणं आणि रोजची कामं जमणं या गोष्टी चांगल्या दर्जाच्या बाजूला होत्या. उदासी, इतर मानसिक लक्षणं, शरीराची दुखणी आणि काळजी घेणाऱ्याची स्वतःची ओढाताण या गोष्टी वाईट दर्जाच्या बाजूला. यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय करता येतो, आणि मोजायचं ते त्यासाठीच.

आईला सकाळचं दुपारी आठवत नाही. तिच्या उत्तरावर विश्वास कसा ठेवायचा?

मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच.

आठवणं आणि वाटणं या वेगळ्या गोष्टी आहेत. काल मुलगा भेटून गेला हे आई विसरेल, पण त्या भेटीने आलेला हुरूप किंवा खुपलेलं बोलणं बराच वेळ मागे रेंगाळतं. ‘मागच्या महिन्यात किती वेळा उदास वाटलं?’ असं विचारलं तर ती गोंधळेल. ‘आत्ता मन कसं आहे?’ याचं उत्तर मात्र तिला देता येतं. सौम्य आणि मध्यम टप्प्यातली बहुतेक माणसं अशा प्रश्नांना सुसंगत उत्तरं देतात, हे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वारंवार तपासलं गेलं आहे. आठवणींच्या चाचणीत ३० पैकी १० च्या आसपास गुण असलेल्यांना जगण्याच्या दर्जाची प्रश्नावली (घरचे तिला नुसतं ‘कागद’ म्हणतात) बऱ्यापैकी पूर्ण करता येते. काही अभ्यासांत तर अवघे ३ गुण असलेल्या माणसांनीही ती पूर्ण केली आहे.

एक प्रसंग सांगते. एका बाईंना मी विचारलं, ‘तब्येत कशी आहे?’ त्यांनी तोंड उघडायच्या आत यजमान म्हणाले, ‘बरी आहे, गुडघा तेवढा दुखतो.’ दुसरा प्रश्न, पुन्हा यजमान. तिसऱ्यालाही तेच. मग मी त्यांना थोडा वेळ बाहेर बसायची विनंती केली. दार लागलं तशा बाई खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांना वार सांगता आला नव्हता, मी कोण हे त्या दोनदा विसरल्या होत्या. ‘घरच्यांचं आणि तुमचं कसं आहे?’ यावर म्हणाल्या, ‘सगळी चांगली आहेत हो. पण आता मला कुणी काही विचारत नाही.’ समोरच्या कार्डावर चार शब्द होते: वाईट, ठीकठाक, चांगलं, उत्तम. त्यांनी ‘ठीकठाक’वर बोट टेकवलं आणि आम्ही पुढच्या प्रश्नावर गेलो तरी ते बोट तिथून हललं नाही.

यजमान वाईट नव्हते. बायकोची अडचण होऊ नये म्हणून ते तिची उत्तरं देत होते. पण त्या उत्तरांच्या पाठीमागे बाई दिसेनाशा झाल्या होत्या.

आम्ही भरलेल्या कागदावर गुण कमी, बाबांनी स्वतः दिलेले जास्त. खरं कोणाचं?

दोघांचंही. हा फरक इतक्या ठिकाणी इतक्या वेळा दिसला आहे की तो दिसला नाही तर मला नवल वाटतं. घरच्यांचे गुण रुग्णाच्या गुणांपेक्षा सरासरीने कमी असतात. कारणं एकाहून अधिक आहेत.

एक म्हणजे, घरचे तुलना करतात ती दहा वर्षांपूर्वीच्या बाबांशी. हिशेब तोंडपाठ असणारे, सगळ्यांना जागच्या जागी बसवणारे बाबा त्यांच्या नजरेसमोर असतात. बाबा स्वतः मात्र आजच्या दिवसात असतात. आजारपणाबरोबर माणसाचा ‘चांगलं’ या शब्दाचा मापदंडही सरकतो. हे स्मृतिभ्रंशापुरतं नाही. गंभीर अपंगत्व असलेली अनेक माणसं आपलं आयुष्य चांगलं चाललंय असं सांगतात आणि बाहेरच्यांना ते पटत नाही, हे १९९९ साली दोन अभ्यासकांनी सविस्तर मांडलं होतं.

दुसरं म्हणजे, काळजी घेणाऱ्याचा थकवा. रात्री तीन वेळा उठलेली मुलगी सकाळी बाबांचा कागद भरते, तेव्हा तिची रात्रही त्या कागदावर उतरते. काळजी घेणाऱ्यावरचा भार आणि त्याची स्वतःची उदासी जितकी जास्त, तितके त्याने दिलेले गुण कमी, हा संबंध पक्का आहे. यात दोष कोणाचाच नाही.

तिसरं असं की, या आजारात काही जणांना आपल्यात काही बिघडलंय याची जाणीवच राहत नाही. हे नाकारणं नव्हे, मेंदूतल्या बदलाचाच तो भाग असतो. अशा वेळी ‘रोजची कामं जमतात का?’ याला ‘उत्तम’ असं उत्तर आलं, तर ते वस्तुस्थितीचं वर्णन म्हणून घेऊ नये. पण त्या माणसाला त्या कामाचा त्रास वाटत नाही, एवढं तरी ते नक्की सांगतं.

म्हणून दोन्ही कागद ठेवायचे आणि गुणांची बेरीज पाहण्याआधी फरक कुठे आहे ते पाहायचं. ‘मित्रमंडळी’ या प्रश्नाला मुलगी ‘वाईट’ म्हणते आणि बाबा ‘चांगलं’ म्हणतात, तर बाबांच्या डोक्यात कोण आहे हे विचारावं. शेजारचं लहान मूल रोज दारात येऊन पाच मिनिटं बोलत असतं आणि घरात कुणाला ते मोजण्याजोगं वाटलेलं नसतं, असंही निघतं.

एक उपाय घरच्यांना खूप उपयोगी पडतो. कागद दोनदा भरा. एकदा ‘मला काय वाटतं’ म्हणून आणि एकदा ‘बाबांना विचारलं तर ते काय म्हणतील’ म्हणून. दुसऱ्या खेपेची उत्तरं बहुधा बाबांच्या जवळ जातात.

कोणत्या प्रश्नावल्या वापरतात?

सर्वांत जास्त वापरली जाते ती रेबेका लॉग्सडन आणि सहकाऱ्यांची ‘क्यूओएल-एडी’, १९९९ सालापासून प्रचलित असलेली. तिच्यात १३ बाबी आहेत: तब्येत, अंगातला उत्साह, मनःस्थिती, राहतं ठिकाण, स्मरणशक्ती, कुटुंब, जोडीदार, मित्रमंडळी, एकूण स्वतःबद्दल काय वाटतं, घरकाम, मौजमजा, पैसा आणि एकूण आयुष्य. प्रत्येकीला १ ते ४ गुण, म्हणजे एकूण १३ ते ५२. रुग्णाला प्रत्यक्ष विचारायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, घरच्यांसाठी तशीच वेगळी प्रत असते. दोहोंचा एकत्रित आकडा काढताना रुग्णाच्या उत्तराला दुप्पट वजन दिलं जातं. ही एक गोष्ट मला या प्रश्नावलीत फार आवडते.

‘डेमक्वॉल’ ही ब्रिटनमध्ये २००५ च्या सुमारास तयार झाली. रुग्णासाठी २८ प्रश्न, घरच्यांसाठी ३१. मागच्या आठवड्यात कशाची किती काळजी वाटली, अशा अंगाने ती जाते. नेदरलँड्समधली ‘क्वालिडेम’ निवासी केंद्रातल्या कर्मचाऱ्यांनी भरायची असते. तिच्यात ३७ बाबी असतात, अगदी पुढच्या टप्प्यातल्या माणसांसाठी त्यांतल्या १८. बोलणं जवळपास थांबलेल्यांसाठी ‘क्वालिड’ आहे, तिच्याबद्दल पुढे येईल.

कोणत्याही आजारासाठी चालणाऱ्या पाच प्रश्नांच्या छोट्या प्रश्नावल्याही काही ठिकाणी वापरतात. चालणं, स्वतःची कामं, वेदना, चिंता एवढं त्यांतून कळतं. एकटेपणा आणि नाती त्यांच्या जाळीतून निसटतात.

प्रश्न विचारायचे कसे?

आधी चष्मा आणि कानातलं यंत्र. हसू नका, अर्ध्या गोंधळाचं मूळ तिथेच असतं. यंत्राची बॅटरी संपलेली असते आणि आपण ‘आता काही समजत नाही’ अशी नोंद करतो.

दिवसाची ती वेळ निवडा जेव्हा माणूस ताजातवाना असतो. बहुतेकांची ती सकाळची असते. संध्याकाळी अनेकांची अस्वस्थता वाढते, तेव्हा विचारू नका. टीव्ही बंद असावा. समोर बसा, डोळ्यांच्या पातळीवर, आणि शक्यतो खोलीत दोघंच असा.

चार पर्याय मोठ्या ठळक अक्षरांत कार्डावर लिहून समोर ठेवा. प्रश्न वाचून थांबा. दहा सेकंद शांत बसणं वाटतं त्यापेक्षा फार कठीण असतं. आपण तिसऱ्या सेकंदाला दुसऱ्या शब्दांत प्रश्न विचारतो आणि समोरच्याने गोळा करत आणलेला विचार मोडतो. उत्तर कार्डावरच्या शब्दांत आलं नाही तर ते ऐकून घ्या, मग ‘म्हणजे यांतलं कोणतं?’ असं विचारा. ‘म्हणजे चांगलं ना?’ असं कधीच विचारू नका.

‘जोडीदार’ या प्रश्नापाशी सांभाळून जा. जोडीदार हयात नसेल तर सर्वांत जवळच्या माणसाबद्दल विचारायचं, अशी प्रश्नावलीच्या सूचनांतच सोय आहे. तरीही एखाद्याला जोडीदार गेल्याचं आठवत नसतं. तुमच्या प्रश्नातून त्यांना ते नव्याने कळू नये. आधी घरच्यांकडून माहिती घ्या.

मध्येच थकले तर थांबा, उरलेलं उद्या विचारता येतं. डोळे भरून आले तर कागद बाजूला ठेवा आणि त्यांच्याशी बोला.

काहीही विचारलं तरी ‘छान आहे’ एवढंच म्हणतात. पुढे काय?

पिढ्यान्‌पिढ्या ‘कसं काय?’ला ‘ठीक’ म्हणायची सवय असते. ती शिष्टाचाराची भाषा आजारात सर्वांत शेवटी जाते. तेरापैकी तेराही उत्तरं ‘उत्तम’ आली तर मी चित्रांकडे वळते. माणसं, फिरणं, जेवण, झोप, संगीत, घर अशी चित्रं एकेक करून हातात द्यायची आणि हसरा, साधा, उतरलेला अशा तीन चेहऱ्यांखाली ठेवायला सांगायची. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात विकसित झालेली ‘टॉकिंग मॅट्स’ ही पद्धत याच कल्पनेवर आहे. तोंडाने ‘छान’ म्हणणाऱ्याचा हात ‘झोप’ उतरलेल्या चेहऱ्याखाली ठेवतो तेव्हा खरं बोलणं सुरू होतं.

दुसरं असं की प्रश्न बारीक करा. ‘आयुष्य कसं चाललंय?’ हा प्रश्न निरोगी माणसालाही जड जातो. ‘दुपार कशी जाते?’ याला उत्तर येतं.

बोलणं थांबलंय. आता कसं कळणार?

बघून. आणि बघणं हे कौशल्य आहे, ते शिकावं लागतं.

‘क्वालिड’मध्ये रुग्णाला जवळून ओळखणाऱ्या माणसाला मागच्या सात दिवसांबद्दल ११ गोष्टी विचारतात. हसतात का, उदास दिसतात का, रडतात का, चेहऱ्यावर त्रास दिसतो का, अंग अवघडल्यासारखं वाटतं का, कण्हतात किंवा तक्रारीचा आवाज काढतात का, चिडतात का, जेवणाचा आनंद घेतात का, स्पर्श आवडतो का, माणसं जवळ आली की बरं वाटतं का, शांत असतात का. गुण ११ ते ५५, आणि इथे कमी गुण म्हणजे बरी अवस्था. क्यूओएल-एडीच्या अगदी उलट. दोन्ही वापरणाऱ्या ठिकाणी या उलटसुलट दिशेमुळे चुकीचे निष्कर्ष काढलेले मी पाहिले आहेत.

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठात टॉम किटवुड आणि कॅथलीन ब्रेडिन यांनी निवासी केंद्रांसाठी आणखी एक पद्धत घडवली. प्रशिक्षित निरीक्षक सामाईक खोलीत काही तास बसतो आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येक माणूस काय करतोय याची नोंद करतो, सोबत त्याची मनःस्थिती आणि गुंतलेपण -५ ते +५ या पट्टीवर मांडतो. कर्मचारी कसे वागले याचीही नोंद होते. पाठीमागून न सांगता खुर्ची ढकलली, माणूस समोर असताना त्याच्याविषयी बोललं गेलं, त्याचं वाक्य तोडलं गेलं. किटवुड यांचं म्हणणं असं की, माणसाचं खचणं मेंदूच्या बिघाडाने होतं तितकंच अशा रोजच्या लहान लहान गोष्टींनीही होतं. त्यांचं हे म्हणणं मला प्रत्येक वॉर्डात नव्याने पटतं.

घरी एवढं सगळं करता येत नाही, पण वीस मिनिटं तर बसता येतं. मी एका मुलाला त्याच्या आईशेजारी नुसतं बसायला सांगितलं. न बोलता, मोबाइलशिवाय. आई दोन वर्षांपासून एक शब्द बोलली नव्हती. त्याने नोंदवलं: आईची उजव्या हाताची बोटं चादरीची कड चुरगळत राहतात, खिडकीतून ऊन तोंडावर आलं की भुवया आक्रसतात, मोठ्या बहिणीचा आवाज बाहेरच्या खोलीत आला की बोटं थांबतात. बहिणीचा आवाज गेला की पुन्हा सुरू. दोन वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पडदा सरकवला गेला आणि बहीण आपलं काम घेऊन आईच्या खोलीत बसू लागली.

कण्हणं वेदनेमुळे आहे की सवयीने?

सवय आहे असं धरूच नका. आधी वेदना शोधा. ‘पेनॅड’ नावाची पाच बाबींची पट्टी त्यासाठी आहे. श्वास, तोंडातून येणारे आवाज, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजूत घातल्यावर शांत होतात का, हे पाहून ० ते १० गुण देतात. नुसतं पडलेलं असताना पाहू नका, कूस बदलताना, कपडे बदलताना पाहा. दात, बद्धकोष्ठ, लघवीचा जंतुसंसर्ग, टाचेवरची जखम या चार जागा तपासल्याशिवाय ‘वागणं बिघडलंय’ असं म्हणू नये, हा माझा हट्ट आहे.

आणि बदल काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत झाला असेल, म्हणजे अचानक जास्त गोंधळ, अचानक सुस्ती किंवा अचानक कासाविशी, तर प्रश्नावली राहू द्या आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. स्मृतिभ्रंश असा एका रात्रीत वाढत नाही. बहुधा संसर्ग किंवा औषधाचा परिणाम असतो.

उदासी आणि स्मृतिभ्रंश वेगळे कसे ओळखायचे?

रुग्णाने स्वतः दिलेले कमी गुण ज्या एका गोष्टीशी सर्वांत घट्ट जोडलेले सापडतात, ती उदासी. पण ती आजाराच्या सावलीत लपते. बाबा बोलत नाहीत, उठत नाहीत, जेवत नाहीत आणि सगळे म्हणतात, आजारच तसा आहे. त्यासाठी १९८८ पासून ‘कॉर्नेल स्केल’ वापरलं जातं. १९ बाबी, रुग्ण आणि जवळचं माणूस दोघांशी बोलून भरायच्या. पहाटे लवकर जाग येणं, पूर्वीच्या आवडीच्या गोष्टीकडेही न वळणं, स्वतःला ओझं म्हणणं ही लक्षणं दिसली तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. जगण्याच्या दर्जाचा कागद कमी आला की मी पुढचा कागद हाच काढते.

किती गुण म्हणजे चांगलं? क्यूओएल-एडीत ३४ आले आहेत.

पास-नापासची रेष नाही. ३४ म्हणजे काय ते तेरा ओळींत आहे, बेरजेत नाही. ‘पैसा’ आणि ‘स्मरणशक्ती’ला कमी गुण असलेला ३४ आणि ‘कुटुंब’ आणि ‘स्वतःबद्दल’ला कमी गुण असलेला ३४ यांना एकच उत्तर नाही. त्याच माणसाच्या आधीच्या कागदाशी तुलना करा, शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी नको. एक-दोन गुणांचा चढउतार चांगल्या-वाईट दिवसांचाही असतो, त्याने घाबरू नका.

आजार वाढत जाणार. म्हणजे हा दर्जाही घसरतच जाणार?

असं गृहीत धरायला आधार नाही. दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या गटांत सरासरी फारशी हलत नाही, कारण काहींचे गुण उतरतात, काहींचे तसेच राहतात आणि काहींचे वाढतात. अगदी सुरुवातीच्या काळात, जेव्हा आपलं काय निसटतंय हे कळत असतं, तेव्हाचा त्रास नंतरच्यापेक्षा जास्त असलेली माणसं मला बरीच भेटली आहेत.

मग वाढवायचा कसा? औषध आहे का?

स्मरणशक्तीसाठीच्या गोळ्यांचा जगण्याच्या दर्जावर ठळक परिणाम दिसलेला नाही. त्या ज्यासाठी आहेत त्यासाठी घ्याव्यात.

गटात बसून गप्पा, शब्दखेळ, गाणी, जुन्या-नव्या विषयांवरची मतं असा एक ठरावीक कार्यक्रम ब्रिटनमध्ये तपासला गेला. आठवड्यातून दोनदा, एकूण १४ बैठका, सात आठवडे, २०१ माणसं. २००३ साली आलेल्या निकालात विचारशक्तीबरोबर क्यूओएल-एडीचे गुणही वाढलेले दिसले. त्या बैठकांत कुणाला ‘आठवतंय का?’ असं विचारत नाहीत, ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारतात.

आरडाओरडा थांबवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मनोविकारावरच्या जड औषधांबाबत मात्र सावध राहा. स्मृतिभ्रंशाच्या वयस्कर रुग्णांत या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला. कधी कधी ती लागतात. पण ‘आता शांत आहेत’ याचा अर्थ ‘आता बरे आहेत’ असा लावू नका. डोळे मिटून पडलेला माणूस तक्रार करत नाही. औषध सुरू केलं असेल तर ते कधी कमी करायचं, हे त्याच भेटीत डॉक्टरांना विचारून घ्या, आणि स्वतःहून अचानक बंद करू नका.

प्रश्नावली आपल्या भाषेत घरीच भाषांतर करून चालेल का?

बोलण्यापुरती चालेल, आकड्यासाठी नाही. नीट भाषांतरात एकाने केलेलं भाषांतर दुसरा मूळ न पाहता परत मूळ भाषेत आणतो, मग दोन्ही ताडून पाहतात आणि प्रत्यक्ष रुग्णांवर तपासतात. ‘एनर्जी’ला शक्ती म्हणावं, उत्साह म्हणावं की उमेद, यावर उत्तर बदलतं. ‘शक्ती’ विचारली की माणसं हातापायांबद्दल बोलतात, ‘उमेद’ विचारली की मनाबद्दल. परवानगी घेतलेली, तपासलेली प्रत मिळाली तर तीच वापरा.

कमी गुण आले म्हणून ‘आता उपचार कशाला?’ असं नातेवाईक म्हणतात.

यासाठी हा कागद वापरायचा नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगते. दुसऱ्याने दिलेले गुण मुळातच कमी असतात हे वर आलंच आहे. त्या गुणांवरून एखाद्याचं जगणं जगण्याजोगं आहे की नाही हे ठरवलं, तर घरच्यांचा थकवा रुग्णाच्या खात्यावर मांडल्यासारखं होईल. पुढच्या टप्प्यात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हा प्रश्न खरा आहे आणि मोलाचा आहे. तो सुरुवातीच्या काळात, माणूस स्वतः सांगू शकतो तेव्हा त्याच्याशी बोलून लिहून ठेवावा.

आणि माझं काय? मी थकले आहे, हे कुठे लिहू?

वेगळ्या कागदावर, आणि नक्की लिहा. मराठीत काळजी घेणाऱ्यासाठी ‘शुभंकर’ असा शब्द रुळला आहे. शुभंकराचा भार मोजायला झारिट यांची २२ प्रश्नांची मुलाखत आहे, ० ते ८८ गुणांची. ‘स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का?’, ‘तुमची तब्येत यामुळे बिघडली असं वाटतं का?’ असे थेट प्रश्न तिच्यात आहेत. अनेकींना ते प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारलेले असतात आणि तिथेच रडू फुटतं. त्याची लाज वाटू देऊ नका. तुमचा भार हलका झाला तर तुमच्या माणसाच्या जगण्यातही फरक पडण्याची शक्यता असते. पण तुमची विश्रांती केवळ त्यासाठी नाही, ती तुमच्यासाठीच हवी.

कागद भरून झाला. आता करायचं काय?

सर्वांत कमी गुणांची एकच ओळ निवडा, तीही अशी की जिच्यावर काही करता येईल. स्मरणशक्तीची ओळ सोडा. ‘घरकाम’ कमी असेल तर काढून घेतलेलं एखादं काम परत द्या, मग ते हळू झालं तरी, नीट झालं नाही तरी. ज्या बाईंची गोष्ट वर सांगितली, त्यांच्या यजमानांना मी एवढंच सांगितलं की दिवसातून तीन गोष्टी त्यांना विचारून ठरवा. कोणती साडी, खिडकी उघडी की बंद, आधी फिरणं की आधी जेवण. दीड महिन्याने ते म्हणाले, ‘ती खिडकीवरून माझ्याशी भांडते आता.’ सांगताना चेहरा उजळला होता.

पुन्हा कधी विचारायचं?

घर बदललं, काळजी घेणारं माणूस बदललं, औषध बदललं किंवा रुग्णालयातून परत आणलं की काही आठवड्यांनी. एरवी तीन ते सहा महिन्यांनी पुरे. विचारणारं माणूस तेच असावं, वेळ तीच, जागा तीच. मागचा कागद आधी काढून पाहू नका. नवी उत्तरं लिहून झाली की मगच दोन्ही शेजारी ठेवा.